आम्ही सतरा जण, अंदमान आणि न आलेली लाट

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एक्क्याऐंशीवं लागलं तेव्हा घरात सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी सुरू झाली. गुरुजींना विचारून झालं, कार्यालयाची चौकशी झाली. अण्णा आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "मांडव घालू नका. तेवढ्या पैशात मला अंदमान दाखवा. सगळे मिळून जाऊ." आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवलेला माणूस. सेल्युलर जेल त्यांनी फळ्यावर खडूने कितीदा काढला असेल, पण पाहिला नव्हता.

अंदमानहून कऱ्हाडला परत येऊन आज दहा दिवस झाले. रस्त्यात भेटेल तो एकच विचारतो, "तुम्ही तिथेच होतात ना, त्सुनामीचा इशारा आला तेव्हा?" आणि लगेच पुढे, "काहीच झालं नाही म्हणे. उगीच पळवलं लोकांना." हे 'उगीच' मी इतक्यांदा ऐकलं आहे की सगळं बैजवार लिहून काढायचं ठरवलं.

आधी आमची मोजदाद सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. अण्णा आणि आई, थोरले भाऊजी आणि जाऊबाई, वन्सं आणि त्यांचे यजमान, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी आणि धाकटी जाऊ. मोठे दहा. शिवाय वीस वर्षांच्या पुतण्यापासून चार वर्षांच्या चिंगीपर्यंत पोरं सात. थोरल्या भाऊजींनी निघायच्या आदल्या दिवशी वयाप्रमाणे नंबर दिले. गाडीत बसलो, गाडीतून उतरलो की अण्णांनी "एक" म्हणायचं आणि तिथून पुढे ज्याने त्याने आपापला नंबर ओरडायचा. शेवटी चिंगीचा "सतला!" आला की निघायचं. मोठं कुटुंब घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत जरूर वापरावी. डोकी मोजण्यात चूक होते, यात होत नाही. कोण नाही तेही लगेच कळतं.

रविवार, ८ एप्रिल २०१२ : पोर्ट ब्लेअर

आदला दिवस कऱ्हाड, पुणे, चेन्नई असा प्रवासातच गेला. चेन्नईहून पहाटेचं विमान होतं. दोनेक तासांत खाली निळ्या पाण्यात हिरवी बेटं दिसायला लागली आणि पोरं खिडक्यांना चिकटली. खाली उतरल्यावर 'वीर सावरकर विमानतळ' ही पाटी वाचून अण्णा थांबले, खांद्यावरची शबनम सरळ केली आणि पाटीला नमस्कार केला.

इथे घड्याळ आपलंच चालतं, पण दिवस फार लवकर उगवतो. एप्रिलमध्ये पाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो. जेवून, जरा आडवं होऊन, चारला फिरायला निघू, हा आपला हिशेब इथे उपयोगाचा नाही. सकाळी सहाला बाहेर पडायची तयारी ठेवा. दुपारी उकाडाही फार असतो, अंगाला नुसती चिकचिक.

जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यातल्या आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदीही दिसू नये. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. अण्णांचे गुडघे दुखतात, तरी प्रत्येक वळणावर टेकत टेकत ते वर आले.

दाराची कडी तिथे भिंतीतल्या खोल कोनाड्यात बसवली आहे. आतल्या माणसाने गजांतून हात कितीही लांब केला तरी तो कडीला लागू नये म्हणून. पुतण्याने आत जाऊन हात घालून पाहिला. उंच पोरगा आहे, पण नाहीच लागला. अण्णा मात्र आत जाऊन काही बोलले नाहीत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. त्यांची नऊ पावलं भरली. मग वळून परत नऊ. उंचावर एक झरोका, त्यातून फक्त आभाळ दिसतं. "अकरा साली आले आणि एकवीस साली बाहेर पडले," एवढंच ते म्हणाले आणि भिंतीवरून तळहात फिरवत राहिले. याच भिंतींवर काट्याने, खिळ्याने कविता कोरून पाठ केल्या होत्या, हे आमच्या घरातल्या प्रत्येक पोराने त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. खाली आवारात कोलू ठेवला आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, बैलाच्या जागी माणूस जुंपून. माझा मुलगा बारा वर्षांचा, त्याने दांडा ढकलायचा आव आणला आणि अण्णांकडे बघून हात मागे घेतला.

संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम चुकवू नका. आवारातला पिंपळ जेलची गोष्ट सांगतो. अण्णा पूर्ण वेळ ताठ बसून होते.

सोमवार, ९ एप्रिल : रॉस आणि चिडियाटापू

पोर्ट ब्लेअरच्या समोरच रॉस बेट आहे, होडीने पंधरा मिनिटांत पोहोचतो. इंग्रजांचा अंदमानचा सगळा कारभार इथून चालायचा. आता चर्च, बेकरी, साहेबांचे बंगले सगळं पडीक झालंय आणि वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी विटांना अशी मिठी मारली आहे की मुळी काढली तर भिंत पडेल आणि भिंत पाडली तर झाड. हरणं माणसाळलेली आहेत, चिंगीच्या हातातली काकडी एकाने खाल्ली. २६ जून १९४१ ला मोठा भूकंप झाला, इमारतींना तडे गेले आणि इंग्रजांनी कारभार इथून हलवला. पुढच्याच वर्षी जपानी आले. चढ बराच आहे, वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी लवकर जा आणि पाणी न्या.

दुपारी चिडियाटापूला निघालो. आमचा ड्रायव्हर रांचीकडचा, म्हणजे आजोबा तिकडून आलेले, हा इथेच जन्मला. सिप्पीघाटजवळ त्याने न विचारताच गाडी बाजूला घेतली. रस्त्याच्या कडेला दूरवर पाणी पसरलेलं, त्यात वाळक्या झाडांचे बुंधे उभे, वर बगळे. मुलांना वाटलं तलाव आहे.

"ये सब धान का खेत था," तो म्हणाला. "छब्बीस दिसंबर को पानी आया. फिर गया ही नहीं."

२००४ च्या त्या भूकंपात इथली जमीनच सुमारे एक मीटर खचली. म्हणून लाट ओसरल्यावरही समुद्र शेतात राहिला. सात वर्षं झाली, अजून तिथेच आहे. आम्ही सगळे फोटो काढत होतो. आई मात्र गाडीतून उतरल्या नाहीत. खिडकीतून त्या पाण्याकडे बघत होत्या.

त्याचं कारण मला माहीत होतं. रात्री नातवंडांनी विचारल्यावर त्यांनी ते सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. अण्णांची नोकरी तेव्हा पाटणला. थोरले भाऊजी दीड वर्षाचे. सव्वाचारच्या सुमारास घर गदागदा हललं, फडताळातली भांडी अंगावर आली. आईंनी पोर पदरात घेतलं आणि बाहेर पळाल्या. मागची भिंत त्यानंतर कोसळली. कोयनेच्या त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसं गेली. पुढे कितीतरी रात्री त्यांनी कडाक्याच्या थंडीत अंगणात, गोणपाटाच्या आडोशाला काढल्या. त्यात एकदा कोणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" आणि अख्खी आळी काळोखात डोंगराकडे धावली. धरण फुटलेलं नव्हतं. "ती आवई होती," आई म्हणाल्या. "कोणी उठवली ते कधीच कळलं नाही. पण पळताना माझी शेजारीण पडली आणि तिचा पाय कायमचा गेला."

खाण्याबद्दल थोडं. अ‍ॅबरडीन बाजारात मासे ताजे मिळतात. सुरमई आपल्यासारखी तळून मिळते आणि बंगाली खानावळीत मोहरी वाटून केलेलं कालवणही. आई माळकरी, त्यांचं काय होणार ही आमची मोठी काळजी होती. पण इथे तमिळ माणसं भरपूर, त्यामुळे इडली-डोसा, सांबार-भात कुठेही मिळतो. शिवाय आमच्याबरोबर मेतकूट होतं आणि पाच किलो भडंग.

मंगळवार, १० एप्रिल : हॅवलॉक

सकाळची बोट. समुद्र ताटासारखा सपाट होता, कोणालाही लागलं नाही. हॅवलॉकवर गावांना गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी गोड नावं आहेत, पण सगळे नंबरानेच बोलतात. आम्ही पाच नंबरला, म्हणजे विजयनगरच्या किनाऱ्यावर उतरलो होतो. बांबूच्या खोल्या, समोर नारळी आणि पन्नास पावलांवर पाणी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबं पन्नासच्या दशकात इथे वसवली. त्यामुळे अंगणं, तुळशी, तळी सगळं बंगालचं आहे.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन या, बेटावरच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका. बोटीची परतीची तिकिटं जातानाच हातात असू द्या. आणि शंखशिंपले, प्रवाळ उचलू नका. ते नेण्यावर बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात. मुलांना हे आधीच बजावून ठेवा म्हणजे तिथे रडारड होत नाही.

दुपारी राधानगरचा किनारा पाहिला. पांढऱ्या पिठासारखी वाळू, मागे उंच जंगल आणि पाण्याचे एकाखाली एक चार रंग. आईंनी नऊवारीचा ओचा खोचला आणि चिंगीचा हात धरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक लाट आली की दोघी एकदम उडी मारायच्या. शहात्तर वर्षांच्या आईंना मी असं उडी मारताना कधी पाहिलं नव्हतं.

बुधवार, ११ एप्रिल

सकाळी पोरं पोहली. दुपारच्या जेवणानंतर धाकटे भाऊजी स्कूटर भाड्याने घेऊन काला पत्थरच्या किनाऱ्याकडे गेले. त्यांच्यामागे हट्टाने सोळा वर्षांची पुतणीही. बाकी सगळे खोल्यांत आडवे. वीज गेलेली, पंखे बंद.

दोन वाजून दहा मिनिटं झाली असतील. मी आईंच्या खोलीत त्यांच्या पायाला तेल लावत होते. त्या छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मच्छरदाणी हलतेय."

मी वर पाहिलं. गुंडाळून टांगलेली मच्छरदाणी सावकाश, पाळण्यासारखी, डावीकडून उजवीकडे झुलत होती. वारा नव्हता. मला पायाखाली काहीच जाणवलं नव्हतं. शेजारच्या खोलीतून जाऊबाई म्हणत होत्या, "अहो, मला भोवळ आल्यासारखं होतंय."

"भूकंप आहे," आई उठून बसल्या. "सगळ्यांना बाहेर काढ. चपला घालायला सांग."

त्यांच्या आवाजात घाबरटपणा नव्हता. घाई होती. मी दारं वाजवत सुटले. पाच मिनिटांत आम्ही सगळे मोकळ्या जागेत उभे होतो, अण्णांच्या औषधांची पिशवीसुद्धा आईंच्या खांद्यावर. यांना तर वाटत होतं, आईला भास झाला. जनरेटर सुरू होऊन हॉटेलच्या काउंटरवरचा टीव्ही लागला तेव्हा कळलं. सुमात्राजवळ समुद्रात भूकंप. पडद्यावर आधी ८.९ आला, मग ८.७ (नंतर तो ८.६ ठरला). आणि खाली पट्टी, त्सुनामीचा इशारा, अंदमान-निकोबार.

त्यानंतरची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर अजून तशीच आहेत. तिथल्या एकाही माणसाने "खरंच का?" असं विचारलं नाही. आचाऱ्याने गॅस बंद केला, भाताचं पातेलं तसंच ठेवलं. एक पोरगा किनाऱ्यावर धावत जाऊन पाण्यातल्या पाहुण्यांना हाका मारू लागला. रस्त्यावरून एक जीप कर्ण्यावर "ऊंची जगह पर जाइए" असं ओरडत गेली. शेजारच्या घरातली बाई गाय सोडून तिला हाकत रस्त्याला लागली. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. काय करायचं ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

हॉटेलच्या जीपमध्ये अण्णा, आई आणि लहान पोरं, मासळीच्या टेम्पोत बाकीचे. राधानगरकडे जाणारा रस्ता जिथे चढायला लागतो तिथून बरंच वर, सुपारीच्या बागेतल्या एका घराशी सगळ्यांना उतरवलं. आणखी पन्नास-साठ माणसं होतीच. थोरल्या भाऊजींनी सवयीने हात वर केला. अण्णा म्हणाले, "एक." आई, "दोन." तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

आठ नंबर माझा. मग शांतता.

नऊ म्हणजे धाकटे भाऊजी. दहा नंबर धाकट्या जावेचा, पण तिच्या तोंडून तो बाहेरच पडेना. ती नुसती रस्त्याकडे बघत उभी होती. अकरा पुतण्याने म्हटलं. बारा नाही. तिथून पुढची पोरं आपापले नंबर बोलून गेली आणि शेवटी चिंगी नेहमीसारखी ओरडली, "सतला!" आणि मग, "बाबा कुठाय?"

काला पत्थरचा रस्ता समुद्राला लागूनच जातो. फोन लागेना. बेटावरचा प्रत्येक जण त्याच वेळी फोन लावत होता आणि इकडे कऱ्हाड-पुण्याहून सगळे आम्हाला. हे म्हणाले, मी खाली जाऊन घेऊन येतो. थोरले भाऊजीही निघाले. तेव्हा त्या घरातला तरुण मुलगा आडवा आला. "नीचे मत जाइए. उधर भी अपने लोग हैं. जो मिलेगा उसको ऊपर भेजेंगे." त्याने यांचा दंडच धरला. अण्णा म्हणाले, "तो सांगतोय ते ऐका." त्या वेळी मला ते शब्द फार कठोर वाटले होते.

तीन वाजून वीस मिनिटांनी पुतण्याच्या मोबाइलवर एसएमएस आला. 'वर आहोत. ठीक. काकापण.' फोन लागत नसला तरी एसएमएस वाट काढत पोहोचतो, हे प्रत्येकाने लक्षात ठेवा. आम्ही मूर्खासारखे नुसते डायल करत राहिलो नसतो तर आमची ती पाऊण तासाची तगमग वाचली असती. चारच्या आसपास दोघं दुसऱ्या बाजूने चालत आले. काला पत्थरला एका नारळवाल्याने शहाळ्याचे पैसेही न घेता त्यांना चढावर पिटाळलं होतं. धाकटी जाऊ काहीच बोलली नाही. धाकट्या भाऊजींच्या शर्टाची बाही मुठीत धरून बसली ती बसलीच. थोरल्या भाऊजींनी पुन्हा मोजलं. पोरीने "बारा" म्हटल्यावर जाऊबाईंना रडू फुटलं.

घर एका बंगाली बाईंचं होतं. आईंच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. सगळे त्यांना काकीमा म्हणत होते. त्यांनी अंगणात चटया टाकल्या, अण्णांना लाकडी खुर्ची दिली. मग एका मोठ्या परातीत मुडी, म्हणजे त्यांचे कुरमुरे, त्यावर मोहरीचं कच्चं तेल, हिरवी मिरची, कांदा, हातानेच कालवून सगळ्यांच्या पुढे. आईंनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि त्याच परातीच्या कडेला रिकामा केला. काकीमांनी चिमूट तोंडात टाकली, लसणाचा तुकडा दाताखाली आला तशी भुवई वर गेली आणि त्यांनी दुसरी, मोठी मूठ घेतली. आईंना बंगाली येत नाही, काकीमांना मराठी नाही, हिंदी दोघींचंही मोडकंतोडकं. तरी दोघी तासभर बोलत होत्या.

सव्वाचारनंतर ट्रान्झिस्टरवर कळलं की आणखी एक मोठा भूकंप झाला आहे, ८.२ चा. आणि तेवढ्यात माझ्या मुलाने सुपारीच्या झाडांमधून दिसणाऱ्या समुद्राच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "आई, पाणी मागे गेलंय."

खरंच गेलं होतं. सकाळी जिथे पोरं पोहली होती तिथे काळे खडक उघडे पडले होते. समुद्र मागे हटला की लाट येते, हे २००४ नंतर आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत आहे. माझे हातपाय गार पडले. मी चिंगीला उचलून कडेवर घेतलं, जणू त्याने काही होणार होतं. काकीमा उठल्या, कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग मान हलवली. "भाटा. रोज होय." रोजचीच ओहोटी. पण त्या परत बसल्या नाहीत. पाणी परत चढेपर्यंत मधून मधून जाऊन बघत होत्या.

त्यांचा भाऊ २००४ साली कार निकोबारला बांधकामावर होता. सकाळची वेळ, भूकंप झाला, लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. समुद्र येईल असं त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. भाऊ परत आला नाही, काही सापडलंही नाही. आईंनी हे ऐकलं आणि काकीमांचा हात आपल्या मांडीवर घेतला. दोघींच्या हातांत बांगड्या होत्या, त्यांचा शंखाचा पांढरा चुडा आणि आईंच्या हिरव्या.

अंधार पडल्यानंतर इशारा मागे घेतल्याची बातमी आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आरडाओरडा नाही. माणसं हळूहळू उठून सामान आवरू लागली. काकीमांनी चुलीवर खिचडी टाकली होती, ती खाल्ल्याशिवाय सोडेनात. मुगाची, आलं घातलेली, पातळसर. आमच्या सतरा जणांना पुरून उरली. उरलेली त्यांनी डब्यात भरून अण्णांच्या रात्रीसाठी दिली.

आठला खोल्यांवर परतलो. मी पोरांच्या उशाशी चपला ठेवल्या. दहाच्या सुमारास बाहेर आले तर अण्णा व्हरांड्यात बसलेले. समोर पूर्वेला समुद्रातून चंद्र वर येत होता. पौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले, एका बाजूने झिजलेला, तांबूस. पाणी त्याच्याखाली अगदी निवांत. मला बघून अण्णांनी शेजारची खुर्ची पुढे केली. "हाच धरू या आपला हजारावा," ते म्हणाले. मग मी आईंनाही उठवून आणलं.

गुरुवार, १२ एप्रिल

सकाळी फोन लागले आणि नातेवाइकांना उत्तरं देण्यात दोन तास गेले. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने वाचून आम्हाला समजावलं. २००४ मध्ये समुद्राचा तळच वर उचलला गेला, त्याने वरचं सगळं पाणी ढकललं. या वेळी खडक एकमेकांना घासत आडवे सरकले, त्यामुळे एवढा मोठा भूकंप होऊनही पाणी फारसं उचललं गेलं नाही. पण हे पहिल्या काही मिनिटांत कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. भूकंप किती मोठा आणि कुठे झाला एवढंच आधी कळतं, लाट उठली की नाही ते समुद्रातल्या आणि किनाऱ्यावरच्या यंत्रांनी पाणी मोजल्यावर. हैदराबादला इनकॉईस या समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. काकीमांच्या भावाच्या वेळी ते नव्हतं. म्हणून मला त्या 'उगीच'चा राग येतो. आईंच्या त्या रात्रीची आवई वेगळी आणि हा इशारा वेगळा. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

आमचा नील बेटाचा बेत होता. वन्सं आणि त्यांचे यजमान सरळ पोर्ट ब्लेअरला जाऊ म्हणाले, पोरांना नील हवं होतं. ज्याच्याकडून सहल ठरवली होती त्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. त्यावर थोडी बोलाचाली झाली. शेवटी अण्णांनी निकाल दिला. दुपारच्या बोटीपर्यंत इथेच राहायचं, पोरांना पाण्यात जाऊ द्यायचं. "आज नाही गेली तर पुन्हा कधी जाणार नाहीत," ते म्हणाले. सुरुवातीला पोरं वाळूत काठाशीच घुटमळली. मग माझी आठ वर्षांची मुलगी आईंकडे बघत एक पाऊल आत गेली, आईंनी मान हलवली, आणि पुढचे दोन तास कोणी बाहेर यायला तयार नव्हतं.

तेवढ्या वेळात आई, मी आणि धाकटी जाऊ काकीमांकडे डबा द्यायला गेलो. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पण सहलीत भरणार काय? आईंनी मेतकुटाची पुडी आणि उरलेलं सगळं भडंग डब्यात भरलं, वर पिशवीतल्या कुंकवाची छोटी डबी. काकीमा गाईला चारा घालत होत्या. त्यांनी हात धुतले, कुंकवाची डबी उघडून आईंच्या कपाळाला आधी लावलं, मग आम्हा दोघींना. आईंनी त्यांना लावलं.

आदल्या दिवशी ज्या मुलाने यांचा दंड धरला होता तो म्हणजे काकीमांचा धाकटा. धाकट्या जावेने त्याला विचारलं, काल तू त्यांना अडवलं नसतंस तर? तो लाजला आणि काही न बोलता आत गेला.

शुक्रवार, १३ एप्रिल

पोर्ट ब्लेअर, चेन्नई, पुणे. विमानं वेळेवर. विमानतळावर सामानाच्या तपासणीत चिंगीच्या फ्रॉकच्या खिशात एक पांढरा शिंपला सापडला. तपासणाऱ्या बाईंनी तो हसत काढून घेतला.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. समुद्रकाठी राहायला गेलात की पहिल्याच संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा की चढ कुठे आहे आणि तिथे पायी पोहोचायला किती वेळ लागतो. म्हातारी माणसं असतील तर गाडी कोणाची मिळेल तेही. औषधं, चष्मा, थोडे पैसे आणि एक ओळखपत्र एकाच पिशवीत, ती पिशवी दाराजवळ. घरातले दोघं-तिघं वेगळे फिरायला गेले तर ते कुठल्या रस्त्याने गेले हे कोणालातरी ठाऊक हवं.

काल पोस्टाने आईंनी हॅवलॉकला एक पार्सल टाकलं. दोन किलो भडंग, लसूण जास्त घातलेलं. पत्ता काकीमांच्या मुलाने सुपारीच्या पानाएवढ्या कागदावर लिहून दिला होता, तो आईंनी चार वेळा माझ्याकडून वाचून घेतला.